विश्लेषण : विमानातील ‘हॅलॉन’ला पर्याय शोधणे इतके अवघड का?

विमानाच्या इंजिनाला आग लागल्यास वैमानिक बटण दाबतो आणि बाटलीतील रसायन इंजिनाच्या कप्प्यात सोडले जाते. बहुतेक प्रवासी विमानांत हे रसायन आजही हॅलॉन १३०१ हेच असते. त्याचे उत्पादन विकसित देशांत १९९४ मध्ये, तर विकसनशील देशांत २०१० मध्ये थांबले. विमाने मात्र जुन्या, पुनर्वापर केलेल्या साठ्यावरच अवलंबून आहेत. असे का?

हॅलॉनवर बंदी कशामुळे?

हॅलॉनमधील ब्रोमिन ज्वाळेतील रासायनिक साखळी तोडते. हेच ब्रोमिन वातावरणाच्या वरच्या थरात ओझोन नष्ट करते. सीएफसी-११ च्या तुलनेत हॅलॉन १३०१ ची ही क्षमता सुमारे दहापट आहे. त्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात हॅलॉनचाही समावेश झाला.

बाटलीत नेमके काय घडते?

बाटलीत द्रवरूप हॅलॉन असते आणि त्यावर दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. काही नायट्रोजन द्रवात विरघळतो. झडप उघडताच दाब कोसळतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसा विरघळलेला नायट्रोजन फसफसून बाहेर येऊ लागतो. मात्र बुडबुडे तयार व्हायला किंचित वेळ लागतो. त्यामुळे दाब आधी झपाट्याने घसरतो, मग थोडा सावरतो. दरम्यान द्रवही उकळू लागतो. नळीतून जाते ते द्रव आणि वायूचे मिश्रण. अशा मिश्रणाचा वेग वर्तवणे साध्या पाण्याच्या प्रवाहापेक्षा कितीतरी कठीण असते.

हे गणित इतके महत्त्वाचे का?

कारण खेळ क्षणांचा असतो. इंजिनाच्या कप्प्यात सर्व ठिकाणी एकाच वेळी किमान सहा टक्के हॅलॉन, तेही किमान अर्धा सेकंद, असा अमेरिकेतील निकष आहे. इंजिनाभोवती हवा सतत वाहत असल्याने रसायन हळूहळू आले, तर ते वाहून जाते. बाटलीतील एकूण साठा पुरेसा असूनही आग विझत नाही.

पर्याय कुठे अडतात?

मुख्य अडचण थंडीची. उंचावर बाहेरचे तापमान उणे ५० अंश सेल्सियसच्याही खाली जाते. हॅलॉन १३०१ उणे ५८ अंशाला उकळतो, म्हणून तेव्हाही त्याची वाफ होते. एफके-५-१-१२ हे रसायन ४९ अंशाला उकळते. गारठ्यात ते द्रवरूपातच राहून पृष्ठभागांवर साचण्याचा धोका असतो. एचएफसी-१२५ उणे ४८ अंशाला उकळते आणि अमेरिकेच्या काही लष्करी विमानांत ते वापरलेही जाते. पण ते जास्त प्रमाणात लागते, म्हणजे बाटली मोठी आणि वजन अधिक. शिवाय हरितगृह वायू म्हणून त्याचा वापर २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार कमी करायचा आहे.

संगणकीय प्रारूपांचा उपयोग काय?

प्रत्येक रसायन, नळी आणि तापमान यांची जुळणी प्रत्यक्ष चाचणीने तपासणे खर्चिक असते. विरघळलेला नायट्रोजन आणि उकळणारा द्रव दोन्ही हिशेबात घेणारी प्रारूपे बाटलीचा आकार, दाब व नळीची जाडी आधीच सुचवू शकतात. मात्र अंतिम खात्री चाचणीतूनच होते.

पुढे काय?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयकाओ) नव्या रचनेच्या विमानांसाठी हॅलॉनबंदीच्या मुदती ठरवल्या आहेत. इंजिनांसाठी ती २०१४ च्या अखेरीस संपली, तर मालकप्प्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये. पण आधीच मंजूर झालेल्या रचनांची विमाने आजही बनत आहेत आणि ती पुढील अनेक वर्षे उडणार आहेत. हॅलॉनचा साठा मात्र वाढणार नाही.