दारचें तोरण

सणाचा दिवस उजाडला कीं घराचें पहिलें भूषण म्हणजे दारावरचें तोरण. दसरा असो, गुढीपाडवा असो, घरांतलें मंगलकार्य असो, आंब्याच्या पानांचें तोरण चौकटीवर चढल्यावांचून त्या दिवसास शोभा येत नाहीं. परंतु अलीकडे कित्येक दारांवर जें तोरण दिसतें, तें ना झाडावर वाढलेलें, ना घरच्या हातांनीं ओवलेलें. तें प्लास्टिकचें असतें. एकदां विकत आणलें कीं खिळ्यावरून उतरतच नाहीं. ह्या लहानशा दिसणाऱ्या गोष्टीसंबंधीं आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें चार शब्द मांडावे असें आम्हांस वाटतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच कीं, तोरण ही आणण्याची वस्तु नसून करण्याची वस्तु आहे. आणि तें करतांना मूल जें शिकतें, तेंच त्याचें खरें मोल होय.

ह्या कामीं आंब्यालाच मान कां मिळाला, हें पाहण्याजोगें आहे. आंबा हा सदाहरित वृक्ष. फाल्गुनांत पळस व सांवर हीं झाडें पानें टाकून उभीं असतात, तेव्हांही आंबा हिरवागारच असतो. त्याचें पान गळत नाहीं असें नव्हे. परंतु सर्व पानें एकदम गळत नाहींत. तें जाड व चिवट असून वरून मेणचट असतें. म्हणून तोडल्यावरही त्यांतील ओलावा लवकर उडत नाहीं. युरोपांतील लोकही हिंवाळ्यांत बहुतेक झाडें उघडीं पडलीं असतां हॉली व आयव्ही यांच्या हिरव्या डहाळ्यांच्या माळा करून नाताळांत घरें सजवितात. झाड निराळें, भावना एकच.

आतां पानें तोडण्याविषयीं. आंब्याचा मोहोर बहुधा फांदीच्या शेंड्यांतून फुटतो. दसऱ्याला जो शेंडा आपण खुडतों, त्यावर पौष-माघांत येणारा मोहोर आणि वैशाखांतला आंबा आपण त्याच क्षणीं गमावलेला असतो. यास्तव डहाळी मोडूं नये. खालच्या फांद्यांवरचीं जून पानें एकेक करून देठासकट तोडावीं, तांबूस कोंवळी पालवी राखावी, आणि झाड दुसऱ्याचें असल्यास आधीं विचारावें. जें मूल शेंडा सोडून पान घेण्यास शिकलें, तें उपभोग आणि ओरबाडणें ह्यांतला भेद शिकलें.

करण्याची रीत सोपी आहे. पानें ओल्या फडक्यानें पुसावीं. चौकटीच्या रुंदीहून हातभर अधिक सुतळी अथवा काथ्या घेऊन त्यांत दाभणानें झेंडूचीं फुलें अंतराअंतरानें ओवावीं. मग मधल्या जागीं पानाचा देठाकडील भाग सुतळीवरून मागें दुमडावा व देठ पानांतूनच आरपार खोंवावा. टांचणीची गरज उरत नाहीं. कोंकणांत आश्विनांत दारावर जें ‘नवें’ बांधतात, त्यांत आंब्याच्या पानाबरोबर भाताची लोंबीही असते. त्या शेतकऱ्याच्या दारावर त्याच्या वर्षाचे श्रमच टांगलेले असतात.

कोणी म्हणतील, हा जुन्याचा हट्ट आहे. तसें नाहीं. ज्या झेंडूवांचून आपला दसरा होत नाहीं, तो मूळचा मेक्सिकोंतला. परदेशचा म्हणून त्यास कोणीं दाराबाहेर ठेविलें नाहीं; कारण तो आपल्या मातींत रुजला व आपल्या मातींतच मिसळतो. आमचा आक्षेप नव्याला नाहीं. जें रुजत नाहीं आणि कुजतही नाहीं, त्याला आहे. दुसरे म्हणतील, शहरांत झाड कोठें आहे? दादरच्या बाजारांत सणाच्या आदल्या दिवशीं खेड्यांतल्या बाया आंब्याच्या पानांच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. पानें त्यांच्याकडून घ्यावीं, तोरण घरीं ओवावें. चार पैसे श्रमणाऱ्या हातीं पडतील आणि घरचीं मुलें घटकाभर वडील माणसांशेजारीं बसतील. हें बसणें बाजारांत मिळत नाहीं.

प्लास्टिकचें तोरण सुकत नाहीं, हा त्याचा गुण म्हणून सांगतात. आमच्या मतें तोच त्याचा दोष. तें उन्हानें विटतें, ठिसूळ होऊन तुकडे-तुकडे होतें, परंतु माती होत नाहीं. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पण आपल्या चौकटीवर काय टांगावें हें ठरविण्यास कायद्याची वाट कशाला पाहावी? पानांचें तोरण सुकतें, म्हणूनच पुढच्या सणाला पुन्हां करावें लागतें, आणि म्हणूनच ती विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते. जें कधींच सुकत नाहीं, तें करावयास कोण कोणाला शिकविणार?

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, येत्या सणास तोरण तुम्हीं करावें. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, तें थोडें वांकडें झालें तरी दर्शनी दारावरच लावावें. आणि तें वाळल्यावर सुतळी सोडवून ठेवून पानें-फुलें नदींत न टाकतां झाडाच्या बुंध्याशीं घालावीं. ज्याचें घेतलें, त्याला तें परत पोंचेल.