मूल दोघांचे, तपासणी एकटीची का?

मावळातल्या नवलाख उंबऱ्याची एक मैत्रीण मध्यंतरी भेटली. लग्नाला पाच वर्षे झाली, मूल नाही. तिच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा होता : सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया. शिवाय कार्ल्याच्या एकवीरेला नवस, उपास आणि भगताचा अंगारा वेगळाच. सगळे कागद चाळले, पण नवऱ्याच्या नावाचा एकही सापडला नाही. विचारल्यावर ती म्हणाली, "त्यांना काय झालंय? धडधाकट आहेत. कंपनीत रात्रपाळ्या करतात."

आपल्या भाषेत मूल नसलेल्या बाईला 'वांझ' म्हणतात. पुरुषाला असा शब्दच नाही. 'नपुंसक' म्हणजे ज्याला शरीरसंबंध जमत नाही तो. पण ज्याच्या वीर्यात शुक्रजंतू कमी आहेत किंवा नाहीतच, त्याचा संबंध व्यवस्थित होतो, तब्येत ठणठणीत असते. म्हणून त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असते.

वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि बिनदुखण्याची आहे. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, एवढेच पथ्य. दोष निघाला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे, कारण शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात आणि मधल्या एखाद्या तापानेही संख्या घटते. तंबाखू, दारू, भट्टीजवळचे काम, वृषणातल्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेले गालगुंड ही काही कारणे. यातल्या काहींवर इलाजही आहे. मग बाईच्या पोटात दुर्बीण घालण्याआधी ही तपासणी का होऊ नये?

दुसरी गोष्ट दिवसांची. 'चौदाव्या दिवशी बीज सुटते' हे सगळ्यांना लागू नाही. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटते. पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर तो दिवस एकविसावा. बीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत जगतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस हे गर्भधारणेचे. त्या सुमारास अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, तार येणारा होतो. नवरा पाळ्यांत राबतो, बायको महिनाभर माहेरी असते, अशा घरात हे दिवस निसटतात. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

बाईच्या बाजूचे एक मोठे कारण म्हणजे बंद गर्भनलिका. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावरचे दुखणे अंगावरच काढले की काही जंतुसंसर्ग नलिकांपर्यंत पोचतात. गर्भाशयाचा क्षयही आपल्याकडे याचे एक कारण आहे. तेव्हा कोणी विचारत नाही, पाळणा हलला नाही की सगळे विचारतात.

६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले ते मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. आज हे तंत्र बहुतांशी खाजगी केंद्रांत आहे आणि त्यासाठी दागिने मोडले जातात, कर्ज काढले जाते. २०२१ च्या कायद्याने या केंद्रांना नोंदणी आणि लेखी संमती बंधनकारक केली आहे. सही करण्याआधी विचारायला हवे : आमच्यात नेमका दोष काय? माझ्या वयाच्या किती जणींना मूल झाले? एकूण खर्च किती? नाही झाले तर पुढे काय?

आणि छळ होत असेल तर? मूल नाही म्हणून टोमणे मारणे, अपमान करणे याचा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात (२००५) स्पष्ट उल्लेख आहे. मूल नसणे हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही आणि पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे गुन्हा आहे.

मैत्रिणींनो, थोडे आपल्याविषयीही. आई होण्यातच बाईचे सार्थक नाही, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आणि ते खरेच आहे. पण ते सांगताना ज्या बाईला मूल हवे आहे तिच्याशी बोलायचे आपण टाळले. मग ती भगताकडे गेली, जाहिरात बघून केंद्रात गेली. मूल हवे, दत्तक घ्यावे की दोघांनीच राहावे, हे तिला ठरवता यावे यासाठीच तिच्या हाती माहिती हवी.

पुढच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलवा. हळदीकुंकवाला मूल नसलेल्या मैत्रिणीची ओटी सगळ्यांत आधी भरा. आणि कोणी कागदांचा गठ्ठा घेऊन आली, तर पहिला प्रश्न हाच विचारा : त्यांचा कागद कुठे आहे?

– संपादक मंडळ