चौथी नदी

सोमवारी इचलकरंजीहून एका वाचकांचा फोन आला. ‘तुम्ही आमच्या दूधगंगेच्या पाण्याला आडवे येताय.’ मी कुणाला आडवा आलेलो नाही. मागच्या लेखात एवढंच विचारलं होतं, की आधीच्या तीन नद्यांचं काय केलंत? त्यावर ते म्हणाले, ‘तुम्ही कोल्हापूरचे, आमची तहान तुम्हाला काय कळणार!’ झोंबलं. निम्मं खरं आहे म्हणून जास्त झोंबलं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि जिचं दर्शन कुणालाच झालेलं नाही ती सरस्वती, अशा पाच जणींची मिळून एक पंचगंगा होते. खाली इचलकरंजीत हिशेब उलटा: एका गावाला नद्या पुरेनात. दारातली पंचगंगा होती. तिच्यात काळ्या ओढ्यातून कापड प्रोसेसचं रंगीत पाणी जाऊ लागलं, मग कृष्णेवर जावं लागलं. पुढे वारणा मागितली, तर दानोळीकर रस्त्यावर उतरले. आता सुळकूडहून दूधगंगा आणायची, तर कागलकर उभे राहिले आहेत. 1904 साली इथं पहिला यंत्रमाग आला. माग वाढले, सायझिंग वाढलं, प्रोसेस वाढले. ओढा मात्र तोच.

कृष्णेची गंमत ऐका. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेत मिळते आणि योजनेचा उपसा मजरेवाडीला, म्हणजे संगमाच्या खाली. आपण ओढ्यात सोडलेलं पाणी तेरवाडचा बंधारा ओलांडून कृष्णेत जातं आणि पुढे पंपाने आपल्याच गावाकडे निघतं. लग्नात दिलेला आहेर चार घरं फिरून आपल्याच दारात यावा, तसं. अर्थात कृष्णेचं पाणी पुष्कळ, त्यात आपलं विरळ होतं, पाणी शुद्धही करतात, हे मला ठाऊक आहे. पण नकाशा पुढ्यात ठेवून ही जागा कुणी निवडली असेल, यावर माझा विश्वास नाही. भूगोलात काठावर पास झालेली मुलंच पुढे योजना आखतात, हा माझा जुना सिद्धांत. पुरावा नाही, पण अजून खोटाही ठरलेला नाही.

आता कोल्हापूर. आमचा जयंती नाला वरून येतो, त्यामुळे इचलकरंजीकरांना बोट दाखवायला जागा आहे. आम्ही साखर कारखान्याकडे दाखवतो, कारखाना शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीकडे, शिरोली पुन्हा आमच्याकडे. तेरवाडला मासे तरंगले की प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं बाटल्या घेऊन येतात. माशांनी आधी कळवून मरावं, म्हणजे नमुना वेळेवर सापडेल! 2012 च्या काविळीत इचलकरंजीत माणसं गेली, तेव्हाही बाटल्या भरल्याच होत्या.

वारणा हरिपूरला कृष्णेत जाते, पंचगंगा वाडीला आणि दूधगंगा सीमेपलीकडे कर्नाटकात. म्हणजे ज्या चार नद्यांवरून आपण भांडतोय, त्या पुढे एकच होतात.

फोन ठेवण्याआधी मी त्या गृहस्थांना विचारलं, काळा ओढा तुमच्यापासून किती लांब?

‘लांब कुठला? घराच्या मागनंच जातोय की. त्या बाजूची खिडकी आम्ही उघडतच नाही.’