मांजर घरात की मोकळे?

एकाकी ज्येष्ठांना मांजराची सोबत मोठा आधार वाटते. मात्र त्याला बाहेर मोकळे सोडावे की नाही, हा प्रश्न केवळ मांजराच्या सुखाचा नाही. बाहेर त्याला वाहनांचे, भटक्या कुत्र्यांचे आणि आपसातील भांडणांचे भय असते. चाव्यातून त्याला रेबीज झाला, तर तो घरातील माणसांपर्यंत पोहोचू शकतो. आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मधुमेही व्यक्तींचा तर साधा ओरखडाही चिघळू शकतो.

म्हणून ज्येष्ठांच्या घरी मांजर आतच ठेवणे श्रेयस्कर. परंतु कोंडून ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. जाळी लावलेल्या खिडकीशी त्याला बसायला जागा असावी, नखे घासायला काथ्या गुंडाळलेला खांब असावा आणि रोज थोडा वेळ कोणीतरी त्याच्याशी खेळावे. बाहेरची सवय हळूहळू मोडावी. नसबंदीने भटकण्याची ओढ कमी होते. विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्माचे जंतू १ ते ५ दिवसांत संसर्गक्षम होत असल्याने वाळूचे पात्र रोज स्वच्छ करावे. वाकणे कठीण असेल, तर हे काम शुश्रूषा करणाऱ्याने पत्करावे. पायात घुटमळणाऱ्या मांजरामुळे तोल जाऊ नये, यासाठी रात्री मंद दिवा तेवता ठेवावा.

घरातल्या मांजरालाही रेबीजची लस नियमित द्यावी. ते चावले वा त्याने ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.