शतकाची बांधणी आणि थकलेली बिले

पूल, धरण किंवा बोगदा पाहताना अभियंत्याची करामत डोळ्यांत भरते. त्या कामाचे पैसे ठेकेदाराला केव्हा मिळाले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. बांधकाम कंपनीचे भवितव्य मात्र बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरते. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या (एचसीसी) शंभर वर्षांच्या वाटचालीकडे या दृष्टीने पाहिले, तर देशातील पायाभूत सुविधांचे अर्थकारण नेमके कोठे अडखळते, याचा उलगडा होतो.

सोलापूरच्या पेढीतून घाटात

वालचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले आणि ठेकेदारीत पाऊल टाकले. पुढे भोर घाटातील रेल्वे बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या हातून झाली. अभियांत्रिकीची मोठी कामे ब्रिटिश कंपन्यांनीच करावीत, असा समज रूढ असलेल्या काळातली ही गोष्ट आहे. ‘ईस्टर्न कन्स्ट्रक्शन कंपनी’ या नावाने १९२६ मध्ये नोंदली गेलेली कंपनी पुढे ‘हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन’ झाली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी अशी धाडसे करणाऱ्या वालचंद यांच्या उद्योगविश्वाला भांडवलाचे आणि आत्मविश्वासाचे पहिले बळ मिळाले, ते या ठेकेदारीतूनच.

स्वातंत्र्यानंतर कामांचे प्रमाण वाढले आणि स्वरूपही बदलले. मुंबईला पाणी देणारे वैतरणा नदीवरील मोडकसागर धरण, गंगेवरील फराक्का बंधारा, केरळमधील इडुक्कीचे कमानी धरण, राजस्थानातील रावतभाटा येथील अणुवीज प्रकल्प ही सारी कामे याच कंपनीची. देशाच्या जलविद्युत क्षमतेपैकी सुमारे २६ टक्के आणि अणुवीज क्षमतेपैकी ६० टक्क्यांहून अधिक क्षमतेच्या उभारणीत आपला वाटा आहे, असे कंपनी सांगते. त्यात थोडीफार अतिशयोक्ती गृहीत धरली, तरी ‘नवभारताची उभारणी’ या शब्दप्रयोगात या कंपनीचा हात किती होता, हे लक्षात येते.

ग्राहक एकच

या सर्व कामांचा मालक मात्र एकच होता, तो म्हणजे सरकार किंवा सरकारचे एखादे महामंडळ. वाढीचे रहस्य यात आहे आणि दुखण्याचे मूळही यातच आहे. ठेकेदार निविदा भरतो, अनामत ठेवतो, बँकेची हमी देतो, यंत्रे आणि माणसे कामावर आणतो. त्यानंतर कामाच्या मोजमापानुसार टप्प्याटप्प्याने बिले निघतात. हे चक्र सुरळीत फिरले, तर मोजक्या भांडवलावर मोठे काम उभे राहते. ते अडले, की प्रत्येक दिवस तोट्याचा ठरतो. मालकाने जमीन वेळेत ताब्यात दिली नाही, आराखडा मध्येच बदलला किंवा परवानगी रखडली, तरी यंत्रांचे भाडे, मजुरांचे पगार आणि कर्जावरील व्याज थांबत नाही. हा वाढीव खर्च कोणी सोसायचा, यावरून वाद होतो आणि तो लवादाकडे जातो.

वांद्रे-वरळी सागरी सेतू हे खर्च आणि मुदत या दोन्ही वाढण्याचे मुंबईकरांच्या परिचयाचे उदाहरण. सुमारे ६६० कोटी रुपयांत आणि २००४ पर्यंत पूर्ण व्हावयाचा ५.६ किलोमीटरचा हा सेतू ३० जून २००९ रोजी वाहतुकीस खुला झाला, तेव्हा खर्च १६०० कोटींच्या घरात गेला होता. मधल्या काळात मार्गरेषा आणि आराखडा बदलला, जनहित याचिका झाल्या, मच्छीमारांचे आक्षेप आले. या आक्षेपांतील सर्वच काही निराधार नव्हते. परंतु काम सुरू झाल्यावर असे बदल होऊ लागले, की त्याचे ओझे ठेकेदाराच्या ताळेबंदावर पडते आणि अंतिमतः करदात्याच्या खिशावर.

निवाडा हाती, पैसा दूर

लवादाने ठेकेदाराच्या बाजूने निवाडा दिला, म्हणजे प्रश्न मिटावयास हवा. प्रत्यक्षात तो तेथून सुरू होई. १९९६ च्या लवाद कायद्याचा अर्थ असा लावला गेला होता, की निवाड्याला न्यायालयात नुसते आव्हान दिले, तरी त्याची अंमलबजावणी आपोआप थांबे. सरकारी खात्यांनी याचा पुरेपूर लाभ घेतला. याचे कारण केवळ दुष्टबुद्धी नव्हे. रक्कम देण्याच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या लेखापरीक्षण आणि दक्षता विभागाच्या चौकशीला तोंड द्यावे लागू शकते. ‘अपील करावे’ असा शेरा मारणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. अपील फेटाळले गेल्यावर वाढलेले व्याज सरकारी तिजोरीतून जाते, पण तोवर तो अधिकारी बहुधा अन्यत्र बदलून गेलेला असतो.

२०१५ च्या दुरुस्तीने ही आपोआप मिळणारी स्थगिती काढली. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीने, आव्हान दिलेल्या निवाड्यांतील ७५ टक्के रक्कम बँक हमीवर ठेकेदारांना देण्याचा निर्णय घेतला. तरीही २०१९ च्या दुरुस्तीने जुन्या प्रकरणांपुरती स्थगिती मागच्या दाराने परत आणली. त्याविरुद्ध एचसीसी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने ते कलम ८७ रद्दबातल ठरवले.

या खटल्यात कंपनीने मांडलेला आणखी एक मुद्दा अधिक मूलगामी होता. ठेकेदाराने पुरवठादाराचे पैसे थकवले, तर तो पुरवठादार त्याला दिवाळखोरी न्यायाधिकरणात खेचू शकतो. पण ठेकेदाराचे पैसे थकवणारे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासारखे वैधानिक मंडळ त्या संहितेच्या कक्षेतच येत नाही. न्यायालयाने संहितेला हात लावला नाही, म्हणून विषमता संपली असे मात्र नव्हे. वरून येणारा पैसा अडलेला आणि खालचे देणे मुदतीत द्यावयाचे, अशा कात्रीत मधला माणूस सापडतो.

मालक होण्याची घाई

सर्व दोष सरकारच्या माथी मारून चालणार नाही. सरकारवरील अवलंबित्वातून सुटण्यासाठी कंपनीने जी वाट धरली, तीच तिला सर्वाधिक महाग पडली. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या डोंगरांत ‘लवासा’ हे खासगी गिरिनगर वसवण्याचा तो प्रकल्प. ठेकेदार दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या पैशाने बांधतो. विकसक स्वतःची जमीन, स्वतःचे कर्ज आणि स्वतःची जोखीम घेऊन. हे दोन धंदे वेगळे आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पूर्वपरवानगीवाचून बांधकाम केल्याबद्दल नोटीस बजावून काम थांबवले. वर्षभराने सशर्त मंजुरी मिळाली, पण तोवर ग्राहक आणि गुंतवणूकदार दोघांचाही विश्वास उडाला होता. जमीन खरेदीबाबत स्थानिक शेतकऱ्यांनी केलेल्या तक्रारींनी त्यात भर घातली. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने एक पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तोवर पाच वर्षे उलटली होती.

मूळ कंपनीलाही या साऱ्याची झळ लागली. २०१२ मध्ये तिच्या कर्जाची फेररचना करावी लागली. त्यानंतर १० वर्षांनी, २०२२ मध्ये, कर्जाचा एक मोठा हिस्सा आणि लवादातील निवाडे व दावे एका स्वतंत्र कंपनीकडे वळवण्यात आले. म्हणजे बँकांना परतफेडीची आशा ज्या मालमत्तेवर ठेवावी लागली, तीत न मिळालेल्या सरकारी पैशाचा मोठा भाग होता.

छोट्यांचे काय?

एचसीसीपाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतके बळ होते. तालुक्याच्या रस्त्याचे किंवा गावच्या पाणीयोजनेचे काम घेणाऱ्या ठेकेदारापाशी ते नसते. २०२५ मध्ये राज्यातील ठेकेदार संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या. ही थकबाकी ८९ हजार कोटी रुपयांची असल्याचा त्यांचा दावा होता. आकड्याविषयी वाद होऊ शकेल, पण अंदाजपत्रकातील तरतूद आणि मंजूर कामे यांचा मेळ न घालता घोषणा करत राहण्याचा हा परिणाम आहे, याविषयी वाद नसावा. बिल थकले, की आधी खडी-सिमेंटवाल्याची उधारी थकते, मग मजुराची हजेरी आणि शेवटी कामाचा दर्जा घसरतो. शिवाय विलंबाची भीती मनात धरूनच पुढची निविदा भरली जाते, म्हणजे तोही खर्च जनतेच्याच माथी.

जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी ठेक्यांतील लवादाची सरसकट तरतूद टाळून ती साधारणतः १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरती ठेवावी, असे निर्देश दिले. लवाद खर्चिक आणि वेळखाऊ झाला, हे खरे. पण तो तसा होण्यात, प्रत्येक निवाड्याला आव्हान देणाऱ्या सरकारी सवयीचा वाटा मोठा आहे. सवय तशीच ठेवून मंच तेवढा बदलला, तर वाद दिवाणी न्यायालयाच्या रांगेत जाऊन उभे राहतील. जमीन पूर्णपणे ताब्यात आल्याशिवाय कामाचा आदेश न देणे, तरतूद असेल तेवढीच कामे मंजूर करणे आणि सद्हेतूने तडजोड करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देणे, हे उपाय साधे आहेत. त्यांत उद्घाटनाची फीत कापण्याची संधी नसल्याने ते मागे पडतात.

परक्या राजवटीत देशी माणसाला मोठे काम मिळवणे अवघड होते. वालचंदांनी ती लढाई जिंकली. स्वतःच्या राजवटीत केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळवणे अवघड व्हावे, ही मात्र शंभर वर्षांनंतरही न सुटलेली अडचण आहे, आणि ती सोडवण्याची जबाबदारी आता कोणा परक्यावर ढकलता येणार नाही.