घरगुती कज्जे : वाटणीच्या दाव्यांत गाळलेलीं नांवें

पाटसास माझ्या ओसरीवर पूर्वीचे विद्यार्थी अजूनहि येतात. आतां संस्कृताची अडचण घेऊन नव्हे, तर वाटणीच्या दाव्याचे कागद घेऊन. मी वकील नाहीं, हें त्यांस प्रथमच सांगतों. परंतु कागद हातीं आला कीं मी पहिल्यानें पक्षकारांची यादी वाचतों आणि शेजारीं वंशवृक्ष काढतों. बहुधा एखादी फांदी कमी भरते.

गेल्या कांहीं वर्षांतील एक प्रकरण सांगतों. वादी माझा जुना विद्यार्थी. त्यानें दोघां भावांवर दावा लावला आणि दोन्ही बहिणी गाळल्या. कां, असें विचारतां म्हणाला, “गुरुजी, बहिणीला प्रतिवादी करून कोर्टाची पायरी कशी चढवूं?” हेतु वाईट नव्हता. पण वाटणीच्या दाव्यांत प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे. तेथें प्रत्येक हिस्सेदार एका अर्थानें वादीच असतो. प्रतिवादी असूनहि आवश्यक ती फी भरून त्यास आपला हिस्सा वेगळा मागतां येतो.

नांव गाळल्यानें गणित कसें बिघडतें, याला सांगलीचें गुरुपाद विरुद्ध हिराबाई मगदूम हें प्रकरण उत्तम आहे. पति १९६० सालीं वारले; मागें विधवा, दोन मुलगे व तीन मुली. विधवेनें दावा केला व पांचहि अपत्यांस प्रतिवादी केलें. मृत्यूपूर्वीं वाटणी झाली असें मानून पति, पत्नी व दोन पुत्र यांस प्रत्येकीं १/४. मग पतीच्या चतुर्थांशाचे सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकीं १/२४. विधवेचे एकंदर ७/२४ झाले व १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेच कायम केले. यांतून एक मुलगी विसरली असती, तर विधवेस ३/१० आले असते, आणि ती वाढ त्या मुलीच्या पदरची असती. (२००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीहि जन्मतःच सहदायाद झाली, बाप त्या वेळीं हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें २०२० सालीं ठरलें. म्हणजे आज मांडणीच निराळी होईल.)

भलत्यास गोंवलें, तर कायदा रागावत नाहीं. जांवई, शेजारी, जुना कुळवाडी यांचीं नांवें दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या आदेशांतील दहाव्या नियमानें कमी करतां येतात. फार तर खर्च अंगावर पडतो. परंतु आवश्यक पक्षकार गाळला तर नवव्या नियमाचें संरक्षण मिळत नाहीं. १९७६ च्या दुरुस्तीनें तें स्पष्टच लिहिलें आहे. कारण उघड आहे. जी व्यक्ति दाव्यांत नाहीं तिला हुकूमनामा बांधीत नाहीं; उद्यां ती उठेल आणि सारी वाटणी पुन्हा मांडावी लागेल. म्हैसूरकडील कनकरत्नम्माळ यांनीं मातेच्या मिळकतीसाठीं दावा केला, दोघे भाऊ जोडले नाहींत. तेहि वारस ठरले आणि १९६३ सालीं शेवटच्या पायरीवर दावा त्याच कारणानें बुडाला. हरकत आरंभींच आली होती, तरी बाईंनीं दुरुस्ती केली नाहीं!

मृताचें नांव तसेंच ठेवणें हाहि एक नित्याचा दोष. दावा चालू असतां पक्षकार वारला, तर नव्वद दिवसांत वारस नोंदविण्याचा अर्ज पाहिजे. सुतक, तेरावें, मासिक श्राद्ध यांत तीन महिने कसे जातात तें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

माझ्या विद्यार्थ्याची हरकत भावांच्या कैफियतींतच निघाली. तो संतापला, मीं त्यास समजावलें, आणि त्यानें बहिणींचीं नांवें जोडण्याचा अर्ज केला. थोरलीनें आपला हिस्सा मागितला. धाकटी म्हणाली, मला कांहीं नको. तेव्हां तिला सांगितलें कीं तोंडी बोलून वा तलाठ्याकडे वर्दी देऊन भागत नाहीं, हक्कसोडपत्र नोंदवावें लागतें; आणि सही करण्यापूर्वीं आठ दिवस विचार कर. तिनें आठांचे पंधरा दिवस घेतले, आणि मग तिनेंहि हिस्सा मागितला. त्या दिवाळींत भाऊबीजेस दोघी आल्या नाहींत. पुढल्या वर्षीं थोरली आली. धाकटीची वाट अजून पाहतात.