नाताळचे पुडिंग आणि चुकवलेले जेवण

डिसेंबर उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पुडिंग वाफवलेलं असतं, तळलेलं नाही. मग मधुमेहाला चालेल ना?"

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ मध्ये आले. पण इथल्या ख्रिस्ती घरांत नाताळला फराळ असतो तो करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा, अगदी दिवाळीसारखा. प्लम पुडिंग हा इंग्रजांचा पदार्थ मोजक्याच घरी होतो. त्यांतले एक घर माझ्या एका पेशंट सिस्टरबाईंचे. नोकरीत असताना मेट्रनकडून शिकलेले पुडिंग त्या निवृत्तीनंतरही दरवर्षी करतात.

नावात प्लम असले तरी त्यात आलुबुखार नसतो. जुन्या इंग्रजीत बेदाण्यालाही प्लम म्हणत. विलायतेत त्यात जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालतात, सिस्टरबाई साजूक तूप घालतात. तासगावचे बेदाणे, काळ्या मनुका, संत्र्याची पाकवलेली साल, पावाचा चुरा, थोडा मैदा, अंडी, आपला गूळ, दालचिनी, जायफळ. हे सारे कालवून तूप लावलेल्या भांड्यात भरायचे. वर कागद आणि फडके बांधायचे, पण फडक्याला एक चुणी ठेवायची, कारण पुडिंग फुगते. मग शिट्टी न लावता कुकरमध्ये मंद आचेवर सहा तास. पाणी आटले की उकळतेच पाणी ओतायचे. नाताळच्या दिवशी पुन्हा दोन तास वाफ. (झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. वाफेने भाजले तर वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली हात धरा, टूथपेस्ट लावू नका.)

आता त्या प्रश्नाकडे येतो. उकडीच्या मोदकामुळे वाफवलेले म्हणजे हलके अशी आपली समजूत झाली आहे. पुडिंगात तूप आधीच कालवलेले असते, वाफ ते काढून घेत नाही. "साखर नाही, फक्त गूळ आणि बेदाणे" हेही समाधान खोटे. बेदाण्याच्या वजनात दोन तृतीयांश साखरच असते आणि रक्तात गेल्यावर गूळही साखरेसारखाच वागतो.

हे सर्व मी सिस्टरबाईंना काही वर्षांपूर्वी ऐकवले आणि वर बजावले, "पुडिंगला हातही लावायचा नाही." त्या नुसत्या हसल्या. मला ते संमतीचे हसू वाटले.

त्या वर्षी २५ डिसेंबरला दुपारी चार वाजता त्यांच्या मुलाचा फोन आला. आईला दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, बोलणे असंबद्ध झालेय. घरच्यांना वाटले, चुलीपाशी दमली. मी जाऊन तपासले तर साखर ४२. सकाळची गोळी घेतलेली, चर्चमधून आल्यावर जेवण मात्र मुद्दाम टाळलेले. कशासाठी? संध्याकाळी चोरून पुडिंगचा एक तुकडा खाता यावा म्हणून. जेवण वजा केले की हिशेब जुळतो, असे त्यांचे गणित. परिचारिका असूनही! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या भानावर आल्या. ग्लायबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी घसरलेली साखर वर येऊन पुन्हा घसरू शकते, म्हणून रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांचा नाताळ खाटेवर गेला.

चूक माझी होती. मनाई करायला अर्धा मिनिट लागतो, प्रमाण समजवायला दहा मिनिटे. गर्दीच्या वेळी मी अर्धा मिनिटवाला उपाय निवडला. आम्ही डॉक्टर मंडळी दिवाळीला, ईदला हेच करतो आणि पेशंट आमच्यापासून लपवायला शिकतो.

आता मी असे सांगतो. साखर आटोक्यात असेल तर जेवण वेळेवर घ्या, मात्र त्यातली दीड पोळी किंवा तेवढा भात कमी करा आणि जेवणाबरोबरच पन्नास ग्रॅमचा तुकडा खा. एकदाच वजन करून पाहा, अंदाज फसवतो. गोळी घेऊन उपाशी राहू नका. घाम, थरथर, भ्रम दिसला आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठा.

ब्रँडीऐवजी संत्र्याचा रस घातला तर पुडिंग महिनाभर टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावे. आत नाणे लपवायची विलायती हौस लहान मुलांच्या घरात नको, घशात अडकलेली नाणी मी पाहिली आहेत.

सिस्टरबाईंनी यंदा वजनकाटा स्वयंपाकघरातच आणून ठेवला आहे. परवा निरोप आला, "डॉक्टर, तुमचा तुकडाही पन्नासच ग्रॅमचा. पोटाचा घेर पाहिलाय मी."